ज्यांना मत दिले नाही, त्यांच्यासाठीही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना' असे सांगितले. फोनवर क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग अगदी अदबीने प्रश्न आला, "सर, आत्ताच्या राज्यकर्त्यांसाठी?" मी म्हटले, हो, आत्ताच्याच. त्या प्रश्नात माझे आजचे सगळे बोलणे आले आहे. ज्याचे राज्य आपल्याला पसंत आहे त्याच्यासाठी प्रार्थना करायला शिकवावे लागत नाही. ज्याचे पसंत नाही त्याच्यासाठी तोंड उघडत नाही. मग आपण काय करतो? रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली की कुणाचे ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची अडकलेली नोकरी, सगळे नावानिशी देवापुढे ठेवतो. आणि शेवटी एका दमात, आमच्या देशाच्या अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे, असे म्हणून आमेनकडे वळतो. आजाऱ्याला नाव आहे, अधिकाऱ्याला नाव नाही. नाव घेतले तर मंडळीत दोन तट पडतील, असे वाटते. ही भीती खोटी नाही. पण ज्या प्रार्थनेत नाव घेण्याचीही भीती वाटते, ती आपण खरोखर करतो आहोत का, हे एकदा स्वतःला विचारायला हवे.

मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत. ही प्रार्थना का करायची, ती बिघडते कुठे, आणि ती करायची कशी.

पहिली गोष्ट. आपल्यापैकी अनेकांना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय पाठ असेल. राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या, प्रार्थना, रदबदली, उपकारस्तुती करावी, असे पौल तिथे सांगतो, आणि इतर सगळ्या सूचनांच्या आधी सांगतो. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा काळ विसरून गेलो आहोत. हे पत्र लिहिले गेले तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, असे मंडळी परंपरेने मानत आली आहे. इ.स. ६४ मध्ये रोम शहर जळाले आणि त्याचा आळ ख्रिस्ती लोकांवर आला. त्यांना कुत्र्यांपुढे टाकले, क्रुसावर खिळले, रात्री उजेडासाठी जाळले, असे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो, आणि तो काही आपल्या बाजूचा नव्हता. त्या गादीसाठी प्रार्थना करा, असे पौल सांगतो आहे. राजा चांगला असेल तर करा, अशी अट त्याने घातलेली नाही. राजा ख्रिस्ती होईल तेव्हा करा, असेही म्हटलेले नाही. ख्रिस्ती सम्राट यायला अजून अडीचशे वर्षे होती.

त्याहून मागे जाऊ. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमातून लोक धरून नेले. इ.स.पू. ५९७ ची पहिली मोठी तुकडी. घर गेले, मंदिर दूर राहिले, भाषा परकी झाली. त्या कैद्यांना यिर्मया संदेष्टा यरुशलेमाहून पत्र पाठवतो. लवकर परत याल, असे सांगणारे संदेष्टे त्या वेळी पुष्कळ होते आणि ते लोकप्रियही होते. यिर्मया मात्र म्हणतो, तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा. आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेले त्याचे कुशल मागा, त्याच्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा. आणि तो कारणही देतो. त्या नगराचे बरे झाले तर तुमचेही होईल. ज्याने आपले घर पाडले त्याच्या गावात पाऊस पडावा, धान्य पिकावे, न्याय व्हावा, अशी प्रार्थना! ही कैद्याची लाचारी आहे का? मला तसे वाटत नाही. नबुखद्नेस्सराचे बरे-वाईट करणारा त्याच्याही वर कुणी आहे, हे ज्याला ठाऊक आहे तोच अशी प्रार्थना करू शकतो.

हा माझा मुख्य मुद्दा आहे, म्हणून थोडा थांबतो. आपण एखाद्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा नकळत दोन गोष्टी कबूल करतो. एक, हा माणूस देव नाही. त्यालाही कुणाकडून तरी शहाणपण, आरोग्य, क्षमा मिळायला हवी. दोन, हा माणूस देवाच्या आवाक्याबाहेर गेलेला नाही; तो बदलू शकतो. पहिली कबुली व्यक्तिपूजा थांबवते. दुसरी द्वेष थांबवते. आपल्या सार्वजनिक जीवनाला आज याच दोन व्याधी जडल्या आहेत ना? एका घरात नेत्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत, शेजारच्या घरात त्याच्याविषयी एक चांगला शब्द ऐकून घेत नाहीत. दोन्ही घरांतून प्रार्थना निघून गेलेली असते.

सुरुवातीच्या मंडळीला हे नीट कळले होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र आहे. त्यात अधिकाऱ्यांसाठी एक लांब प्रार्थना येते. त्यांना आरोग्य, शांती, एकोपा, स्थैर्य मिळो, त्यांचे निर्णय देवाला आवडतील असे होवोत. सत्ता त्यांना देवाने दिली आहे, हेही त्या प्रार्थनेत देवाला उद्देशून म्हटले आहे. म्हणजे अधिकाऱ्याची खुर्ची कुणाच्या मालकीची, हे त्या प्रार्थनेतच ठरून गेले आहे. पुढे इ.स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा तर्तुल्लियन रोमन अधिकाऱ्यांना उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडतो. आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य मागतो, निर्धोक राज्य मागतो, शूर सैन्य आणि निष्ठावान सिनेट मागतो. पण सम्राटाला देव म्हणणार नाही, असे तो सांगतो. सम्राट देवाच्या खाली आहे, म्हणूनच तर आम्ही देवाकडे त्याच्यासाठी मागतो, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद आहे.

आणि हे सगळे ज्याच्या अंगावर आले, त्या पोलिकार्पची गोष्ट मला तपशिलात सांगू द्या. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझमिर. इ.स. १५५ च्या सुमारास तिथला हा म्हातारा बिशप. छियाऐंशी वर्षे आपण ख्रिस्ताची चाकरी केली, असे त्याने स्वतःच म्हटले होते. त्याने फिलिप्पै येथील मंडळीला पूर्वी लिहिलेल्या पत्रात राजे, सत्ताधारी, इतकेच काय, तुमचा छळ करणारे, यांच्यासाठीही प्रार्थना करा, असे लिहून ठेवले होते. त्याला धरायला शिपाई एका शेतातल्या घरी आले. तो माडीवरून खाली उतरला, त्यांच्याशी बोलला, आणि या लोकांना हवे तेवढे जेवायला-प्यायला वाढा, असे त्याने घरच्यांना सांगितले. स्वतःसाठी त्याने फक्त तासभर प्रार्थनेचा वेळ मागितला. तो उभा राहिला आणि दोन तास थांबलाच नाही. आयुष्यात भेटलेल्या लहान-थोर, नामवंत आणि अनाम, सगळ्यांची त्याने देवापुढे आठवण काढली. अशा म्हाताऱ्याला धरायला आलो, याचे काही शिपायांना वाईट वाटू लागले.

मग त्याला गाढवावर बसवून शहराकडे नेताना वाटेत पोलीसप्रमुख आपल्या बापासह रथातून सामोरा आला. दोघांनी त्याला रथात घेतले, शेजारी बसवले आणि गोडीने समजावू लागले. सम्राटाला प्रभू म्हटले आणि चिमूटभर धूप टाकला तर काय बिघडते? जीव तर वाचेल! म्हाताऱ्याने नकार दिला. तेव्हा त्याला इतक्या घाईने खाली ढकलले की त्याच्या नडगीचे सालपट निघाले. तो मागे वळूनही न पाहता तसाच चालत राहिला. पुढे प्रांताधिपतीसमोर, देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना योग्य तो मान द्यायला आम्हाला शिकवले आहे, असे त्याने सांगितले आणि धूप मात्र टाकला नाही. त्याला जाळण्यात आले.

ज्याने शिपायांना जेवू घातले तोच धूप नाकारू शकला, हे लक्षात घ्या. मान आणि नकार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच दिवशी केल्या. आपल्याला बहुधा यांपैकी एकच जमते. मान द्यायचा म्हटले की आपण धूपही टाकतो. नकार द्यायचा म्हटले की जेवण नाकारतो.

आता दुसरी गोष्ट. ही प्रार्थना बिघडते कुठे?

ती बिघडते, कारण सत्तेला प्रार्थना हवीहवीशी असते. राज्यकर्त्याच्या नावाने धर्मगुरूने हात उंचावले की ते चित्र त्याला कामाला येते. म्हणून प्रार्थना कुणाची सोय पाहते आहे, हे तपासावे लागते. जर्मनीत १९३८ साली प्रोटेस्टंट पाळकांकडून हिटलरशी निष्ठेची शपथ घेण्याचा फतवा निघाला, आणि बहुसंख्य पाळकांनी ती घेतली. नेत्यासाठी प्रार्थना तर ठिकठिकाणी होतच होत्या. वरवर पाहिले तर पौलाची आज्ञा पाळली जात होती. पण त्या प्रार्थनांमध्ये पापांगीकार नव्हता. ज्यू शेजाऱ्याचे नाव नव्हते. तुरुंगात टाकलेल्या पाळकांची नावे नव्हती.

त्याच देशात दुसरी प्रार्थनाही चालू होती. बर्लिनच्या डालेम मंडळीचे पाळक मार्टिन नीमोलर यांना १ जुलै १९३७ रोजी अटक झाली. त्यानंतर डालेममध्ये संध्याकाळी मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी लोक जमू लागले आणि अटकेत असलेल्यांची, बोलण्यावर बंदी घातलेल्यांची, हद्दपार केलेल्यांची नावे एकामागून एक वाचली जाऊ लागली. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त नावे. हुकूमशाहीत नुसती नावे वाचायला केवढे धैर्य लागते! आणि १९३८ च्या सप्टेंबरात, युद्ध दाराशी आले असताना, नाझी राजवटीपुढे न झुकणाऱ्या कबुलीदार मंडळीच्या नेत्यांनी एक प्रार्थनाविधी तयार करून पाळकांकडे पाठवला. त्यात मंडळीच्या पापांची कबुली होती, राष्ट्राच्या पापांची कबुली होती, युद्ध टळावे अशी विनवणी होती. विजयाची मागणी नव्हती. म्युनिक करार झाला, युद्ध तेवढ्यापुरते टळले आणि ती उपासना झालीच नाही. पण कागद सरकारच्या हाती लागला. एसएसच्या मुखपत्राने त्याला देशद्रोह म्हटले. काही बिशपांनी घाईघाईने हात झटकले, आणि तो लिहिणाऱ्यांचे पगार थांबवले गेले. बंधू-भगिनींनो, एका प्रार्थनेला देशद्रोह ठरवावेसे त्या राजवटीला का वाटले असेल? त्या प्रार्थनेत राष्ट्र देवापुढे गुडघ्यांवर आले होते, आणि राजवटीला ते सदैव ताठ उभे दिसायला हवे होते.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. वर्णद्वेषी राजवटीत सोवेटोच्या मुलांवर १६ जून १९७६ रोजी गोळ्या चालल्या. १९८५ साली तोच दिवस धरून तिथल्या काही ख्रिस्ती नेत्यांनी मंडळ्यांना आवाहन केले, की अन्यायी राजवटीचा अंत व्हावा म्हणून प्रार्थना करा. मंडळ्यांतच खळबळ उडाली. राज्यकर्त्यांसाठी करायची ती प्रार्थना, राज्यकर्ते जावेत म्हणून कशी करता येईल? प्रश्न अवघड होता आणि त्याला वरवरचे उत्तर देऊन चालणार नव्हते. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे आहे की ते आवाहन बरोबर होते. अन्याय करणाऱ्याच्या हातून सत्ता जाणे, हे त्याच्या स्वतःच्याही भल्याचे असू शकते. तो मरावा, असे मागणे वेगळे. त्याचा अन्याय थांबावा, त्यासाठी लागलीच तर त्याची खुर्ची जावी, असे मागणे वेगळे. तिथले बिशप डेस्मंड टुटू हा फरक जगले. ते राष्ट्राध्यक्ष बोथांना भेटत राहिले, तोंडावर खरे सांगत राहिले आणि त्यांना देवाचे लेकरू मानायचे त्यांनी सोडले नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय एकाच नव्या करारात आहेत. पहिल्यात सत्ता ही देवाची सेवक, दुसऱ्यात सत्ता हे श्वापद. नुसता पहिला वाचणारा खुशामतखोर होतो, नुसता दुसरा वाचणारा कडवट होतो.

हे सगळे दूरदेशीचे झाले. आपल्या मातीतले सांगतो. पंडिता रमाबाई प्रार्थनेच्या बाई होत्या, हे कुणाला सांगायला नको. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो मुली-बाया प्रार्थनेला बसत होत्या. पण त्याच्या आठ वर्षे आधीची एक गोष्ट आपण कमी सांगतो. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची जी अब्रू जात होती, त्याविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. त्यांच्याकडची एक मुलगीही त्या व्यवस्थेत हरवली होती. पत्राचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले. सरकार ख्रिस्ती राणीचे म्हणवत होते, ख्रिस्ती बाईने गप्प बसावे असे पुष्कळांना वाटत होते, आणि चर्चमध्ये त्या सरकारसाठी रविवारी प्रार्थना होत होत्या. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. राज्यकर्त्यासाठी देवाजवळ बोलणाऱ्याला राज्यकर्त्याजवळ बोलण्याचा अधिकार आपोआप मिळतो, असे मी मानतो. अधिकार कसला, ते कर्तव्यच होऊन बसते. आणीबाणीत मार थोमा मंडळीचे मेट्रोपॉलिटन युहानोन मार थोमा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून अटकेतल्या नेत्यांना सोडा, आणीबाणी उठवा, असे सांगितले, तेही याच वाटेने.

आणि आता आपल्या घरातले दुखणे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या पणज्या-पणजोबांनी महारवाड्यातून, मांगवाड्यातून येऊन बाप्तिस्मा घेतला. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शीख बांधवांना तो मिळाला, १९९० मध्ये बौद्ध बांधवांना मिळाला, आणि ते योग्यच झाले. दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. २००४ पासून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. २०२२ मध्ये त्यासाठी आयोगही नेमला गेला. एका पक्षाचे सरकार गेले, दुसऱ्याचे आले, तिसऱ्याचे आले, कागद तिथेच आहे. अशा वेळी आपल्या मंडळीतल्या एखाद्या तरुणाने विचारले, की ज्या दिल्लीने माझ्या आजोबांची जात पाहिली आणि तीच जात माझ्या अर्जावर नाकारली, त्या दिल्लीसाठी मी कशी प्रार्थना करू? काय उत्तर द्यायचे?

त्याला गप्प करू नका, एवढे मी आधी सांगेन. त्याचा राग प्रार्थनेतून बाहेर काढू नका. स्तोत्रसंहितेत रागाला जागा आहे, तक्रारीला जागा आहे, अजून किती दिवस, असे देवाला विचारायलाही जागा आहे. त्या तरुणाला म्हणा, हा राग आधी देवापुढे मांड, आणि मग त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे नाव घे. राग मांडून घेतलेले नाव आणि राग गिळून घेतलेले नाव यांत फार अंतर आहे.

शमुवेलाची एक रात्र तुम्हाला आठवत असेल. इस्राएलाने राजा मागितला तेव्हा शमुवेलाला ते मुळीच पसंत नव्हते. राजा तुमची मुले सैन्यात नेईल, तुमच्या मुली स्वयंपाकाला नेईल, उत्तम शेते हिसकावून घेईल, असे त्याने लोकांना आधीच बजावले होते. तरी राजा आला. शौल आला. आणि शौल बिघडला. देवाने शमुवेलाला सांगितले, की याला राजा केल्याचा मला खेद होतो. शमुवेल संतापला, असे शास्त्र म्हणते, आणि त्याच वाक्यात पुढे येते की तो रात्रभर देवाजवळ आक्रोश करत राहिला. नको असलेल्या राजासाठी! मी म्हटलेच होते, असे म्हणून तो झोपी गेला असता तर त्याला कोण दोष देणार होते? आणि त्या आक्रोशाने शौल सुधारला का? नाही. तो सुधारला नाही, गिलबोवाच्या डोंगरावर त्याचा अंत झाला. प्रार्थना केली म्हणजे राज्यकर्ता आपल्याला हवा तसा वागेल, असे वचन देवाने कुठे दिलेले नाही. पण सकाळी उठून शौलाच्या तोंडावर त्याचे पाप सांगायला गेला तो शमुवेलच. रात्रभर रडलेल्या माणसाच्या सांगण्यात सूड नव्हता.

तिसरी गोष्ट, कशी करायची. इथे मी थोडा रोखठोक बोलणार आहे.

नाव घेऊन करा. पंतप्रधानांचे नाव घ्या, मुख्यमंत्र्यांचे घ्या, आणि त्याच दमात विरोधी पक्षनेत्याचे घ्या. तेवढ्याने मंडळीतले दोन्ही तट एकमेकांकडे बघतील, पण उठून कुणी जाणार नाही. आणि दिल्ली-मुंबईपाशी थांबू नका. पौलाने सर्व अधिकाऱ्यांसाठी असे म्हटले आहे. आपले रोजचे जगणे तहसीलदार, पोलीस निरीक्षक, ग्रामसेवक, नगरसेवक यांच्या सहीवर चालते. आपल्या राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावच्या सरपंचबाई खुर्चीवर बसतात आणि कारभार त्यांचे यजमान पाहतात, हे आपण बघतो, हसतो. त्या बाईंसाठी कधी प्रार्थना केली का? त्यांनी स्वतःच्या हिमतीने ग्रामसभेत बोलावे, असे देवाजवळ मागितले का?

काय मागायचे, ते बहात्तराव्या स्तोत्रात सापडेल. राजासाठीची ती प्रार्थना आहे आणि तिचा भर गरिबांच्या न्यायावर आहे. दुबळ्यांचा कैवार घेणारा, जुलूम करणाऱ्याला चिरडणारा, ज्याच्या नजरेत दीनांचे रक्त मोलाचे आहे असा राजा ते मागते. गिबोनात शलमोनाला देवाने माग म्हटले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य, संपत्ती, शत्रूंचा नाश यांतले काही मागितले नाही. न्याय करण्यासाठी ऐकणारे अंतःकरण मागितले. आपण नेत्यांसाठी काय मागतो? बहुधा त्याने वगळलेलेच. टँकर वेळेवर यावा, रेशनवरचे धान्य मापात मिळावे, कोठडीत कुणाला मारहाण होऊ नये, असे नेमके मागा. नेमके मागितले की ते मिळाले की नाही, हे आपल्यालाच जाऊन बघावे लागते.

माणूस म्हणूनही त्यांच्यासाठी मागा. सत्तेतल्या माणसाभोवती होयबांची गर्दी असते. त्याला खरे सांगणारे कुणी उरत नाही, त्याची झोप जाते, घरच्यांना वेळ मिळत नाही. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवले, तेव्हा अख्ख्या दरबारात एक नाथान निघाला, ज्याने गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून राजाला त्याचेच पाप दाखवले. आपल्या प्रत्येक नेत्यासाठी देवाजवळ एक नाथान मागा. मी स्वतः तेवढे तर मागतोच मागतो.

आणि निवडणुकीच्या दिवसांत सांभाळा. प्रचार सुरू झाला की उमेदवार चर्चमध्ये येतात. आपण सत्कार करतो, शाल देतो, कुठे कुठे पुलपिटावरून चार शब्द बोलायला लावतो, आणि पाळक त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. फोटो संध्याकाळपर्यंत गावभर जातो. हे थांबायला हवे. उमेदवार आला तर त्याचे स्वागत करा, त्याला बाकावर इतरांसारखी जागा द्या, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्याच्यासह त्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची नावे घ्या. पुलपिट कुणालाही देऊ नका. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण सुमारे १० लाख ८० हजार आहोत, एक टक्क्याच्याही आत. आपल्या मतांनी सरकारे बनत नाहीत आणि पडत नाहीत. मग आपल्या चर्चचा फोटो कुणाच्या पदरात का टाकायचा?

वसईकडच्या, कॅथलिक मंडळींतल्या आमच्या बंधूंकडे याची चांगली घडी बसवलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात श्रद्धावंतांच्या प्रार्थना पुन्हा सुरू करायला सांगितल्या. त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जगाचे तारण, मग दुःखी-पीडित, मग आपली स्थानिक मंडळी. आपल्या घरच्या अडचणी शेवटी. आम्हा प्रोटेस्टंटांच्या उपासनेत बऱ्याच ठिकाणी क्रम नेमका उलटा झाला आहे आणि राज्यकर्ते शेवटच्या अर्ध्या वाक्यात जाऊन बसले आहेत. ते वर आणायला कुठल्या ठरावाची गरज नाही.

म्हणून पाळकांना आणि मंडळ्यांच्या चिटणिसांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या रविवारी एका कागदावर नावे लिहून आणा. पंतप्रधान, मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते, आपले खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, सरपंच किंवा नगराध्यक्ष. त्याच कागदावर खाली, आपल्या गावात ज्यांच्यावर या लोकांच्या निर्णयाने अन्याय झाला आहे, त्यांची नावे लिहा. दोन्ही याद्या एकाच प्रार्थनेत, मोठ्याने वाचा. आणि सोमवारी मंडळीतल्या दोघांनी खालची यादी घेऊन वरच्या यादीतल्या माणसाच्या कचेरीत जा.